सूट नको

हवालदार माधव काटकरला शिवी दिलेली चालायची. पलटणीत शिव्यांचं कोण मनावर घेतो? पण 'सूट' हा शब्द कानावर पडला की त्याच्या कपाळाची शीर उडायला लागायची. बायको बाजारातून येऊन "साडीवर वीस टक्के सूट होती" म्हणाली तरी हा गडी भिंतीकडे तोंड करून बसायचा. प्रणिता बिचारी मग 'स्वस्त मिळाली' म्हणायला शिकली.

त्याला कारण होतं. पलटणीत दर तीन महिन्यांनी एक परीक्षा असते, तिला सगळे बीपीईटी म्हणतात. पायात जड बूट, पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, असं लढाईचं सगळं सामान घेऊन पाच किलोमीटर धावायचं. शिवाय दोरीवर चढायचं आणि नऊ फुटांचा खंदक एका उडीत पार करायचा. जवान लढायला तयार आहे की नुसता जेवायला, ते तिथं कळतं. निकाल रजिस्टरात लिहितात. कुणाच्या नावापुढे उत्तम, कुणाच्या चांगला, कुणाच्या समाधानकारक आणि ज्याची दमछाक झाली त्याच्यापुढे लाल शाईत नापास. माधवच्या नावापुढे दोन वर्षांत आठ वेळा एकच शब्द पडला होता, 'सूट'.

माणूस मूळचा खटाव तालुक्यातला. वडील टपाल वाटायचे. रोज चार वाड्या पायी फिरायचे आणि म्हणायचे, पत्र उशिरा पोचलं तर ते पत्र नव्हे, कागद. पोरानं पायांचा हिशेब तिथंच शिकून घेतला. भरतीला गेला तेव्हा पहिल्या वर्षी छाती अर्ध्या सेंटिमीटरनं कमी भरली. दुसऱ्या वर्षी धावण्यात मागे पडला. गावच्या पारावर लोक हसले. तिसऱ्या वर्षी गेला तो अंगावर वर्दी चढवूनच परतला. नापास होण्याची भीती अशी त्याला कधी नव्हतीच. नापास झालं की पुन्हा जायचं, एवढं साधं गणित होतं.

सतरा वर्षं नोकरी झाली आणि हे गणित बिघडलं. उत्तरेला बर्फातल्या एका चौकीवर वादळात अकरा तास अडकून पडला आणि डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारची दोन बोटं काळी पडली. ती कापावी लागली. जखम भरली, चालणं सुधारलं, पण कागदावर तो 'खालच्या श्रेणीचा' झाला. त्यानंतर पलटण जयपूरला आली. खातीपुऱ्याच्या बाजूला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, लेक मिताली इथल्या शाळेत जाऊ लागली, घरात 'मतलब' आणि 'भैया' शिरले. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. लोक म्हणायचे, माधव, सुटलास लेका, आता पेन्शनपर्यंत आराम. आणि माधवला वाटायचं, ह्यांच्या आरामाला आग लागो.

आराम म्हणजे काय, तर परीक्षेच्या दिवशी ड्रमवर बसायचं. धावायची वाट छावणीच्या गेटपासून सरळ किकरांच्या झाडांमधून निघते. अडीच किलोमीटरवर चुना लावलेला एक रिकामा ड्रम ठेवतात, त्याला वळसा घालून परत यायचं. ज्यांना सूट आहे त्यांनी त्या ड्रमपाशी पाण्याचे मग घेऊन उभं राहायचं आणि कोण वळलं, कोण मधूनच फिरलं, त्याच्या खुणा करायच्या. वाट मोजायचं चाक पहिल्यांदा माधवनंच ढकललं होतं. अडीच किलोमीटर भरले ते विजेच्या सत्तेचाळीस नंबरच्या खांबाशी. त्या खांबाला चुन्याचा पट्टाही त्यानंच ओढला होता आणि दर परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा ओढायचा. तिथं एक मोर यायचा, तोही माधवला ओळखायला लागला होता. मोरानं ओळखून काय करायचं?

ड्रमवरचा त्याचा जोडीदार होता आप्पासाहेब. नाव आप्पासाहेब, हुद्दा हवालदार, वजन ब्याऐंशी किलो. व्हॉलीबॉल खेळताना गुडघा गेला तेव्हापासून त्यालाही सूट होती आणि ती त्याला अंगाला लावलेल्या तेलासारखी मानवली होती. "माध्या," तो मगात बर्फ टाकत म्हणायचा, "पळून कुणाचं भलं झालंय? ज्यो पळतो त्याला घाम येतो. ज्यो बसतो त्याला वारा लागतो."

"तू बस की वाऱ्याला," माधव म्हणायचा. "मला न्हाई गोड लागत."

मागच्या पावसाळ्यानंतर बातमी आली की जूनमध्ये पलटण जयपूर सोडून पुन्हा सरहद्दीवर जाणार. जाणाऱ्यांची यादी मार्चअखेर पक्की होणार होती. ज्यांच्या नावापुढे सूट, त्यांनी मागे राहायचं, कोठारातल्या गाद्या मोजायच्या आणि रिकाम्या बराकींना कुलपं लावायची. ज्या सेक्शनमध्ये माधवनं अकरा पोरं घडवली ती पोरं वर जाणार आणि हा खाली गाद्या मोजणार. हे ऐकलं त्या संध्याकाळी तो जेवला नाही. प्रणितानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिला नवरा पाठ होता.

दुसऱ्या दिवसापासून लष्करी दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथं मेजर विभा आगाशे म्हणून डॉक्टर होत्या. पुण्याच्या, बारीक चणीच्या, आणि जे सांगायचं ते एकदाच सांगणाऱ्या.

"काटकर, बसा," त्या म्हणाल्या. "मी तुमचे कागद पाहिलेत. पाय उत्तम भरलाय. रोज चाला, सायकल चालवा. पण पाठीवर वजन घेऊन पळायचं नाही. तोल डाव्या बाजूला जातो तुमचा. एखाद्या दिवशी घोटा मोडून घ्याल."

"मॅडम, एकदा घेऊन तर बघा परीक्षा."

"तुम्हाला गरज काय त्याची? तुम्हाला सूट आहे."

झालं. ज्या वाटेनं जायचं नाही नेमकी त्याच वाटेनं बाई गेल्या. माधव उठला, सॅल्यूट ठोकला आणि बाहेर येऊन निंबाच्या झाडाला एक लाथ घातली. डाव्याच पायानं घातली. दुखला, पण समाधान झालं. तो असा तीनदा गेला आणि तीनदा तेच उत्तर घेऊन आला.

डिसेंबरची परीक्षा आली. धुकं होतं, बोटं रायफलीला चिकटत होती. शेवटच्या तुकडीला शिट्टी मिळाली आणि वेळ घेणाऱ्या सुभेदारांनी पाहिलं, तर तुकडीच्या मागे पन्नास पावलांवर आणखी एक माणूस धावतोय. पिठ्ठू आहे, रायफल आहे, छातीवर नंबर नाही. ड्रमवर आप्पासाहेब एकटाच होता. माधवला येताना पाहून त्याच्या हातातला मग पडला. "आरं, तुझी ड्युटी हितं हाय!" तो ओरडला. माधव ड्रमला वळसा घालून निघूनही गेला होता.

तो पोचला तेव्हा सुभेदारांनी घड्याळ खिशात घातलं होतं. "कितीत आलो साहेब?" त्यानं धापा टाकत विचारलं. "तुझी वेळ घेतली नाही," सुभेदार म्हणाले. "ज्याला नंबर नाही त्याला वेळ नाही." तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते माधवला त्या वेळी कळलं, आणि तळपाय तर खरोखरच पेटला होता. मोजा रक्तानं भिजला होता. ड्युटीची जागा सोडली म्हणून कंपनी कमांडरांनी सात दिवस जादा पहारा दिला. तो त्यानं शीळ घालत केला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली ही जात.

पहाऱ्याच्या पाचव्या दिवशी मेजर विभांचं बोलावणं आलं. आज बाई ओरडणार, अशी तयारी करून तो गेला. बाईंनी बूट काढायला लावला, पाय हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि स्वतःच पट्टी बांधली.

"का केलंत हे?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

माधवला भाषण येत नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, मी दोनदा नापास हून भरती झालोय. नापास मला कळतं. पण माझी परीक्षाच घ्येत न्हाईत. मेल्याली माणसं तेवडी परीक्षेला बसत न्हाईत."

बाईंनी त्याचे कागद पुढे ओढले. खिडकीबाहेर कुणी तरी जीप धूत होतं. मग त्या म्हणाल्या, "मार्चला तुमच्या वयाच्या गटाबरोबर धावा. तसा कागद मी देते. पण ऐका, वेळ सगळ्यांना आहे तीच, साडेएकोणतीस मिनिटं. बोटं कमी आहेत म्हणून एक सेकंद वाढवून मिळणार नाही."

"वाढवून मागितलं तर जोड्यानं हाणा," माधव म्हणाला आणि मग आपण कुणाशी बोलतोय ते आठवून एका बुटावरच सावधानमध्ये उभा राहिला. मेजर विभा मात्र पहिल्यांदाच हसल्या.

कागद मिळाला, पण पाय तोच होता. तीन बोटांच्या रिकाम्या जागेत पाऊल पुढे सरकायचं आणि दोन किलोमीटरनंतर घासायला लागायचं. प्रणितानं जुनी जयपुरी रजई उसवली आणि तिच्यातल्या कापसाची छोटी उशी शिवून बुटाच्या टोकात कोंबली. एक किलोमीटर झकास गेला, मग कापूस बसला. मग तिनं नवऱ्याला जवळजवळ ओढतच मोजडी बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. म्हाताऱ्यानं पाऊल कागदावर उतरवून घेतलं, जिथं बोटं नव्हती तिथं पेन्सिल क्षणभर थांबवली आणि म्हणाला, "फौजी साब, मोजडी में दायाँ-बायाँ हम एक ही बनाते थे. पैर खुद सीख जाता है. आपका भी सीख जाएगा." चार दिवसांनी त्यानं मऊ कातड्याचा तीन बोटांएवढा ठोकळा करून दिला. पैसे घेतले, पण चहाही पाजला.

जानेवारी-फेब्रुवारीत खातीपुऱ्याच्या रस्त्यावर पहाटे दूध आणायला निघालेल्या लोकांना एक लंगडत धावणारा माणूस रोज दिसायचा. पाठीवर पिठ्ठू, त्यात गव्हाचं पीठ आणि दोन विटा. पहिल्या आठवड्यात पाच किलोमीटरला छत्तीस मिनिटं लागली. जानेवारी सरता सरता तेहतीस झाली. फेब्रुवारीच्या शेवटी एकतीसच्या खाली आला आणि तिथं अडकला. उरलेलं दीड मिनिट काही केल्या सुटेना. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी गत. आप्पासाहेब स्कूटरवरून मागे यायचा आणि घड्याळ बघून जीभ चावायचा. मित्राचं हे रोजचं मरण त्याला बघवत नव्हतं. माणूस आळशी होता, पण आतून लोण्याचा.

मार्चच्या दहा तारखेला परीक्षा होती. दोरी आणि खंदक आदल्या दिवशीच झाले होते. दोरी सोपी गेली. खंदकात पहिल्या उडीला तो पडला, दुसऱ्या उडीला पलीकडे गेला. नियमानं दोन संधी असतात, त्यात बसलं. राहिले पाच किलोमीटर. परीक्षा घेणाऱ्या बोर्डाचे अध्यक्ष बाहेरच्या पलटणीचे मेजर शेखावत होते, गेटपाशी रुग्णवाहिकेला टेकून मेजर विभाही उभ्या होत्या. कारकुनानं माधवच्या हातात कापडी चौकोन ठेवला, चव्वेचाळीस. माधवनं तो छातीवर लावला आणि दोनदा सरळ केला. दोन वर्षांनी त्याला नंबर मिळाला होता.

शिट्टी झाली. पहिला किलोमीटर तो तुकडीबरोबर होता. दुसऱ्यात मागे पडला. मोजडीवाल्याचा ठोकळा इमानानं जागेवर होता, पण छाती पेटली होती आणि पिठ्ठूचा पट्टा खांद्यात रुतत होता. पुढचे सगळे ड्रमला वळून समोरून परत येऊ लागले. "चल माधवभाऊ, चल!" त्याची अकरा पोरं जाता जाता ओरडत होती. शेवटचा माणूसही वळून गेला आणि वाटेवर माधव एकटा उरला. तो खांब मोजत होता. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. डोळ्यांत घाम उतरला होता, तरी पांढरा ड्रम दिसला. ड्रमच्या बाजूला आप्पासाहेब मग धरून उभा होता, आणि मान खाली घालून उभा होता.

माधवनं खांबाकडे पाहिलं. पंचेचाळीस.

आप्पासाहेबानं काय केलं होतं ते कळायला त्याला घड्याळ लागलं नाही. शेवटचा माणूस वळल्याबरोबर गड्यानं ड्रम दोन खांब अलीकडे लोटत आणला होता. जाऊन-येऊन दोनशेच्या वर मीटर वाचत होते, एक मिनिटभर. एक मिनिटात माधव पास होत होता, यादीत जात होता, पोरांबरोबर वर जात होता. आणि बघायला कोण होतं? किकरं आणि एक मोर. दोन वर्षं ज्यानं त्या खांबाला चुना लावला त्यालाच खांब चुकवायला लावत होता आप्पासाहेब! प्रेमात माणसाची अक्कल अशी गहाण पडते.

"वळ," आप्पासाहेब हळूच म्हणाला. "माध्या, तुला माज्या लेकराची आण हाय, वळ हितनंच."

खोटं कशाला सांगायचं, माधवचे पाय एक क्षण जड झाले. शरीर लबाड असतं, त्याला वळायचंच होतं. पण त्याच क्षणी त्याला असा संताप आला की पायांना पुन्हा जोर आला. अरे, तीन बोटं गेली ती गेली. आता दोनशे मीटरांचीही भीक घालायला निघालात? ही सूटच होती. फक्त ह्या वेळी ती मित्राच्या हातून आली होती.

"त्वांड काळं कर!" तो ओरडला आणि ड्रमच्या बाजूनं सरळ पुढे निघून गेला. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. खांबाच्या चुन्याच्या पट्ट्यावर त्यानं थाडकन पंजा मारला, वळला आणि परत निघाला. ड्रमपाशी आप्पासाहेब दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसला होता. त्याच्याकडे माधवनं पाहिलंही नाही.

परतीची वाट कशी संपली ते त्याला नंतर नीट सांगता आलं नाही. शेवटच्या दोनशे मीटरला अकरा पोरं दोन्ही बाजूंनी ओरडत होती एवढं आठवत होतं. गेट ओलांडलं आणि तो रायफलीवर भार देऊन उभा राहिला. पडला नाही. पडायचं नाही असं ठरवूनच आला होता.

मेजर शेखावतांनी घड्याळ पाहिलं. "नंबर चवालीस. उनतीस मिनट इकतालीस सेकंड." ते जरा थांबले. त्यांनाही वाईट वाटलं असावं. "फेल."

अकरा सेकंद.

"हां साब!" माधव म्हणाला. त्या सकाळी पास झालेल्या चाळीस जणांत एवढ्या मोठ्यानं कुणी ओरडलं नव्हतं. शेखावतांनी चमकून वर पाहिलं. कारकुनानं लाल पेन उचललं आणि माधव मान लांब करून ते लाल अक्षर उमटताना बघत राहिला.

मेजर विभा जवळ आल्या. नाडी बघायला त्यांनी त्याचा हात धरला आणि तळवा उलटा केला. "हाताला चुना कसला हा?"

"खांबाचा, मॅडम."

"वळायला ड्रम असतो ना तिथं?"

"असतो की. पर खांबबी असतो."

त्यांनी त्याच्या तळव्याकडे पाहिलं, मग दूर वाटेकडे पाहिलं, जिथून आप्पासाहेब ड्रम लोटत लंगडत येत होता. कारकुनाकडे वळून त्या म्हणाल्या, "नापास झालेल्याला नियमाप्रमाणे पुन्हा संधी असते ना? कधी?"

"पंधरा दिवसांनी, मॅडम. पंचवीस तारखेला."

"मग ह्यांचं नाव लिहा. आता हे परीक्षेतले आहेत."

दुपारी आप्पासाहेब क्वार्टरवर आला तो मोठ्या साहेबांकडे जाऊन कबुली द्यायच्या तयारीनं. "म्या सांगतो, ड्रम म्या हलिवला, त्यो बिचारा पुढं जाऊन आला..." माधवनं त्याला बाजेवर बसवलं आणि अशी काही खास खटावची शिवी घातली की स्वयंपाकघरात प्रणितानं मितालीचे कान झाकले.

"सांगून काय हुणार? तुझी दंडावरची पट्टी जाईल. मला पाच किलोमीटरला एकोणतीस एक्केचाळीस लागली, तीच लिवली. खरी हाय ती."

"पर त्यो एक मिनिट, माध्या..."

"त्यो माजा नव्हता. परत आसं केलंस तर दुसरा गुडघा म्या फोडीन."

आप्पासाहेब डोळे पुसत चहा प्यायला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "खुळ्या, खांब मोजत पळत हुतास?"

मिताली दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "बाबा, तुम्ही फेल झालात ना?" तिनं विचारलं. "मग खुश क्यों आहात?"

"कारण आजवर मला नापासबी करत नव्हतं कुणी," माधव म्हणाला. पोरीला ते कळलं की नाही कोण जाणे. प्रणिताला कळलं. तिनं पिठ्ठूतलं गव्हाचं पीठ बदललं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच त्याला उठवलं.

त्या पंधरा दिवसांत काही चमत्कार झाला नाही. तो धावला, एवढंच. परतीच्या वाटेवर खांदा कुठं पडतो ते पोरांनी दाखवलं, पट्टा दोन बोटं वर बांधला, आणि आप्पासाहेब स्कूटरवरून पुढे राहून शिव्या देत राहिला. माधवच्या मते त्या शिव्यांनी दहा सेकंद तरी कमी झाले असतील.

पंचवीस तारखेला परीक्षा देणारे फक्त सहा जण होते. छातीवर तोच चव्वेचाळीस. ऊन आता लवकर चढत होतं, किकरांखाली धूळ उडत होती. माधव सत्तेचाळीस नंबरपाशी पोचला आणि धावता धावता त्याला हसू फुटलं. ड्रम खांबाला सायकलच्या साखळीनं बांधलेला होता, वर भलंमोठं कुलूप. आप्पासाहेब बाजूला सावधानमध्ये उभा होता, जणू सरसेनापतींना सलामी देतोय. पाण्याचा मग हातात होता, पण त्यानं तो पुढे केला नाही. माधवनं वळता वळता ड्रमवर एक चापट मारली.

एकोणतीस मिनिटं बावीस सेकंद. आठ सेकंद राखून. कारकुनानं 'समाधानकारक' लिहिलं. त्याच्या वरच्या ओळीतलं लाल 'नापास' तसंच होतं आणि माधवला ते निळ्या अक्षराहून जास्त आवडलं. मेजर विभांनी डॉक्टरांच्या बोर्डाकडे कागद पाठवला, त्या बोर्डानं त्याच्या पायाची पुन्हा तपासणी केली, कुरकुर केली आणि सही केली. यादीत त्याचं नाव शेवटून चौथं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खातीपुऱ्याच्या स्टेशनवर पलटणीची गाडी लागली. ऊन असं की फलाटाच्या लोखंडी बाकाला हात लावायची सोय नव्हती. प्रणिता रडली नाही. तिनं फक्त तीनदा विचारलं की ठोकळा घेतला का. मितालीनं बापाच्या खिशात चव्वेचाळीस नंबरचा चौकोन कोंबला. तो परत करायचा असतो, पण कारकून म्हणाला, हरवला म्हणून लिहितो.

आप्पासाहेब मागे राहणाऱ्यांत होता. पाण्याचे कॅन चढवून झाले, मग तो खिडकीशी येऊन उभा राहिला. त्यानं माधवच्या हातात साखळीच्या कुलपाची किल्ली ठेवली.

"ही माझ्याकडं कशाला?" माधवनं विचारलं. "ड्रम तुझ्यापाशी, कुलूप तुझं."

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. म्हंजी मला हलवायचा मोह व्हायचा न्हाई."

"तू कशाला हलवशील आता? कुणासाठी?"

आप्पासाहेबानं पोट आत घेतलं. निदान घ्यायचा प्रयत्न केला. गाडीनं शिट्टी दिली तशी तो खिडकीबरोबर चालायला लागला, दुखऱ्या गुडघ्यावर जोर देत.

"काल आगाशे मॅडमकडं गेल्तो," तो म्हणाला. "म्हनलं, सप्टेंबरच्या परीक्षेत माझं नाव घाला. नापास करा, पर सूट नको."

माधवनं गजांमधून हात बाहेर काढून त्याचा खांदा धरला. गाडी वेग घेत होती, तरी आप्पासाहेब थांबला नाही. फलाट संपेपर्यंत तो खिडकीबरोबर धावत होता.